घरात नोन्ना, बाहेर दुनिया

जर्मनीतल्या कुठल्याही आइस्क्रीमच्या दुकानात शिरा. एखाद्या तरी पोरापुढे स्पॅगेटीची बशी दिसेलच. पांढऱ्या लांबलचक शेवया, वर लालभडक सॉस, त्यावर भुरभुरलेलं चीज. जवळ जाऊन बघितलं की कळतं, शेवया म्हणजे व्हॅनिला आइस्क्रीम, सॉस स्ट्रॉबेरीचा आणि चीज म्हणजे पांढऱ्या चॉकलेटचा कीस. हा ‘स्पॅगेटी-आइस’ १९६९ साली मानहाइम शहरात दारिओ फोंतानेल्ला या पोरसवदा तरुणाने तयार केला. वडील इटलीहून आलेले आइस्क्रीमवाले, मुलगा जर्मनीत वाढलेला. त्याने जर्मन स्वयंपाकघरातला श्पेत्सल नावाच्या शेवया पाडायचा सोऱ्या उचलला आणि त्यातून वडिलांचं इटालियन जेलातो दाबलं. बशी पहिल्यांदा पुढ्यात आली तेव्हा काही मुलं चक्क रडायला लागली होती, आइस्क्रीम मागितलं आणि जेवण आणून दिलं म्हणून! ही आठवण खुद्द फोंतानेल्लांनीच सांगितली आहे. पेटंट त्यांनी घेतलं नाही, त्यामुळे आज हा पदार्थ जर्मनीभर मिळतो.

मला या एका बशीत इटलीबाहेरच्या इटलीची अख्खी गोष्ट दिसते. जगाने ‘इटालियन’ म्हणून डोक्यावर घेतलेलं बरंच काही इटलीत जन्मलेलंच नाही. ते जन्मलं इटली सोडून गेलेल्यांच्या मुलांच्या हातून, घरची चूल आणि बाहेरचा रस्ता यांच्या मधोमध. या मुलांनी त्याची किंमतही मोजली. कुणी नाव दिलं, कुणी भाषा, कुणी बाप. आजचा फेरफटका त्यांच्यासोबत.

आधी आकडा ऐका

१८७६ ते १९७६ या शंभर वर्षांत सुमारे २ कोटी ६० लाख माणसांनी इटली सोडली. एकट्या १९१३ साली पावणेनऊ लाखांच्या आसपास. पुष्कळ जण परतलेही, पण जे राहिले त्यांनी न्यू यॉर्क, ब्वेनोस आयरेस, साओ पावलो, टोरांटो, मेलबर्न इथे मोहल्लेच्या मोहल्ले वसवले.

‘इटालियन’ येणारे इटालियन थोडेच!

१८६१ मध्ये इटली एक देश झाला, तेव्हा पुस्तकातली प्रमाण इटालियन बोलू शकणारे लोक फार तर दहा टक्के होते, काही अभ्यासकांच्या मते त्याहूनही खूप कमी. बाकीच्यांची बोली आपापल्या मुलखाची: सिसिलीची, नेपल्सची, व्हेनेतोची, पिएमोंतेची. सिसिलीचा शेतकरी आणि व्हेनिसकडचा शेतकरी जहाजावर भेटले तर एकमेकांचं बोलणं अर्धंमुर्धंच कळायचं. गावाबाहेर त्यांची ओळख गावाच्याच नावाने. ‘इटालियन’ हे बिरुद त्यांना परक्या बंदरावर उतरल्यावर मिळालं.

म्हणून मुलांच्या वाट्याला घरी आली ती बोलीच, तीही आईबापांनी गाव सोडलं त्या वर्षाची. इकडे इटलीत शाळा, रेडिओ आणि पुढे टीव्हीने भाषा पार बदलली. तिकडे ब्रुकलिनच्या स्वयंपाकघरात मात्र शंभर वर्षांपूर्वीची नेपल्सकडची बोली जशीच्या तशी राहिली. न्यू जर्सीतले इटालियन चीज-मांसाच्या नावांचे शेवटचे स्वर गिळून टाकतात. बाहेरच्यांना वाटतं, अमेरिकेत राहून यांची भाषा बिघडली. खरं तर शेवटचे स्वर खाणं ही दक्षिण इटलीचीच जुनी सवय, आजोबांच्या ट्रंकेतून आलेली.

याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण दक्षिण ब्राझीलमध्ये आहे. रिओ ग्रांदे दो सुल राज्यात १८७५ पासून उत्तर इटलीतले शेतकरी वसले. त्यांच्या व्हेनेतो बोलीत पोर्तुगीज मिसळून ‘तालियान’ नावाची भाषाच तयार झाली. १९३७ नंतर हुकूमशहा जेतुलिओ व्हार्गासच्या राजवटीत परक्या भाषांवर बंदी आली. तालियान बोलताना सापडलं तर तुरुंगाची भीती, शाळेत शिक्षा. मुलं गप्प झाली, पण भाषा मेली नाही. २००९ मध्ये सेराफिना कोर्रेआ या गावाने तिला पोर्तुगीजच्या जोडीने अधिकृत दर्जा दिला आणि २०१४ मध्ये ब्राझीलच्या केंद्र सरकारने तिला सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. ज्या भाषेसाठी आजोबांना दम भरला, तिलाच नातवंडांच्या हयातीत सरकारी शिक्का मिळाला. मला ही बातमी फार आवडते.

डीन मार्टिन नावाचा दीनो

ज्याच्या गाण्यावर अमेरिकेने प्रेम केलं, त्या डीन मार्टिनला पाच वर्षांचा होईपर्यंत इंग्रजी येत नव्हतं. ओहायोतल्या स्टूबेनव्हिलचा हा दीनो क्रोचेत्ती घरात आब्रुत्सोची बोली बोलायचा आणि शाळेत त्याच्या तोडक्यामोडक्या इंग्रजीला पोरं हसायची. तरुणपणी तो मुष्टियुद्धात उतरला ‘किड क्रोशे’ या नावाने.

न्यू यॉर्कचे गव्हर्नर झालेले मारिओ कुओमो यांनाही शाळेत जाईपर्यंत इंग्रजी येत नव्हतं. पुढे त्यांचीच भाषणं अमेरिकेत नावाजली गेली.

कोव्हिएल्लोमधला ‘इ’ कुठे गेला?

इथे जरा थांबू, कारण ही गोष्ट मला या विषयाचा गाभा वाटते.

१८९६ मध्ये दक्षिण इटलीतल्या अविल्यानो गावाहून लिओनार्दो कोव्हिएल्लो हा नऊ वर्षांचा मुलगा न्यू यॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये आला. ज्या शाळेत तो जाऊ लागला तिथे दुपारी सूप मिळायचं, म्हणून मुलं तिला ‘सूप-शाळा’च म्हणत. एकदा शाळेने ओटमीलची पुडी घरी दिली. वडिलांनी ती उघडली, दाणे बोटांत चोळून पाहिले आणि त्यांचा संताप झाला. अविल्यानोत हे डुकरांना घालतात!

मग एक दिवस मुलगा प्रगतिपुस्तक घेऊन आला. त्यावर नाव होतं लिओनार्ड कोव्हेल्लो. बाईंना उच्चारायला सोपं जावं म्हणून त्यांनी मधला ‘इ’ काढून टाकला होता. लिओनार्दोचं लिओनार्ड वडिलांनी कसंबसं गिळलं. पण आडनाव? मुलगा म्हणाला, तुम्हाला कळत नाही. हे ‘तुम्हाला कळत नाही’ आईला फार लागलं. अमेरिकन झाल्यापासून तुला सगळं कळतं आणि आम्हाला काहीच कळत नाही, अशा अर्थाचं ती बोलून गेली. ‘द हार्ट इज द टीचर’ या १९५८ च्या आत्मकथनात कोव्हेल्लोंनी हा प्रसंग लिहिला आहे. आईबापांची लाज वाटायला शिकणं हाच आमचा अमेरिकन होण्याचा धडा होता, असं त्यांनी तिथे स्पष्ट म्हटलंय.

पण हा मुलगा तिथेच थांबला नाही. तो शिक्षक झाला आणि न्यू यॉर्कच्या सरकारी शाळेत इटालियन शिकवू लागला. फ्रेंच-स्पॅनिशच्या बरोबरीने इटालियनलाही मान मिळावा म्हणून त्याने आणि त्याच्या साथीदारांनी घरोघरी जाऊन पालकांना उभं केलं. १९२२ मध्ये तो दर्जा मिळाला. १९३४ मध्ये ईस्ट हार्लेममध्ये बेंजामिन फ्रँकलिन हायस्कूल उघडलं आणि कोव्हेल्लो त्याचे पहिले मुख्याध्यापक झाले. ज्या आईबापांना शाळेच्या दारात संकोचल्यासारखं व्हायचं, त्यांना त्यांनी शाळेच्या आत बोलावलं. वस्तीत प्वेर्तो रिकोहून लोक येऊ लागले, तेव्हा त्यांच्या मुलांसाठीही ते तितक्याच तळमळीने उभे राहिले. १९४५ मध्ये शाळेच्या आसपास गोरी-काळी मुलं भिडली, तेव्हा मुलांना समजावायला खुद्द गायक फ्रँक सिनात्रा येऊन गेला. म्हातारपणी कोव्हेल्लो इटलीला परतले, सिसिलीत समाजकार्य करू लागले आणि १९८२ मध्ये तिथेच वारले.

‘दोन संस्कृतींत वाढणं’ यावर पुष्कळ पुस्तकं निघतात. मला विचाराल तर सुरुवात या मुख्याध्यापकांपासून करावी.

एलिस बेटावर नावं बदलली? छे!

न्यू यॉर्कच्या बंदरातल्या एलिस बेटावर कारकुनांनी आमच्या पणजोबांचं नाव बदललं, अशी दंतकथा हजारो अमेरिकन घरांत सांगितली जाते. प्रत्यक्षात बेटावरचे कारकून नावं लिहून घेतच नसत. जहाज सुटतानाच कंपनीने केलेली उतारूंची यादी त्यांच्या हातात असायची आणि ते ती पडताळून बघत. सोबतीला दुभाषे असायचे. १९०७ ते १९१० या काळात तिथे असाच एक तरुण दुभाषा होता, रात्री कायद्याचा अभ्यास करणारा फिओरेल्लो ला ग्वार्दिया. पुढे तो न्यू यॉर्कचा महापौर झाला.

नावं बदलली ती नंतर. शाळेत, कामावर, रंगमंचावर. आणि पुष्कळदा आपल्याच हाताने.

फ्रँक सिनात्राचे सिसिलियन वडील बॉक्सिंगच्या रिंगणात उतरायचे ते ‘मार्टी ओब्रायन’ हे आयरिश नाव घेऊन, कारण तिथे दबदबा आयरिश लोकांचा. नंतर होबोकनमध्ये आईवडिलांनी दारूचा गुत्ता काढला तोही याच नावाने. मुलाने मात्र आडनाव बदलायला साफ नकार दिला आणि तेच जगाच्या तोंडी बसवलं.

अँथनी बेनेदेत्तो आधी ‘जो बारी’ या नावाने गायचा. १९४९ मध्ये विनोदवीर बॉब होपने त्याचं ‘टोनी बेनेट’ करून टाकलं. क्लीव्हलंडचा आचारी हेक्टर बोइआर्दी आपल्या डबाबंद पास्त्यावर नाव छापताना गिऱ्हाइकांना वाचता यावं म्हणून ‘बॉय-आर-डी’ असे तुकडे पाडून छापायचा.

आणि जिचं नाव हमखास टोपणनाव वाटतं, त्या गायिका मॅडोनाचं नाव खरंच मॅडोना आहे. मॅडोना लुईस चिकोने. नाव आईचं, आडनाव वडिलांचं. आजी-आजोबा आब्रुत्सोतल्या पाचेन्त्रो गावचे.

माकड कुठंय तुझं?

ला ग्वार्दियाचं बालपण गेलं ॲरिझोनातल्या लष्करी छावण्यांत. वडील इटलीहून आलेले बँडमास्तर, आई त्रिएस्तच्या ज्यू घराण्यातली. एकदा गावात हातपेटी फिरवणारा इटालियन माकडवाला आला. पोरांनी लगेच छोट्या फिओरेल्लोला चिडवायला सुरुवात केली: अरे, तुझं माकड कुठंय? त्यात वडिलांनी त्या माकडवाल्याला घरी नेऊन मॅकरोनी खाऊ घातली, मग तर चिडवणं थांबेचना. हे त्याने आत्मचरित्रात लिहिलंय. महापौर झाल्यावर, १९३६ पासून, त्याने न्यू यॉर्कच्या रस्त्यांवर हातपेटीवाल्यांना बंदी केली. लहानपणीचा घाव किती खोल जातो! पण मला या गोष्टीत जास्त भावतात ते वडील. परमुलखात आपल्या देशचा फिरस्ता भेटला आणि त्याला त्यांनी पंगतीला बसवलं.

चुलीजवळची पानं

स्पॅगेटी आणि मीटबॉल्स एकाच ताटात? इटलीत मांसाचे गोळे वेगळे वाढतात, पास्ता वेगळा. दक्षिणेतल्या गरीब घरांत मांस सणासुदीलाच दिसायचं. अमेरिकेत मजुरी हातात पडू लागली, मांस परवडू लागलं, गोळे मोठे झाले आणि पास्त्यावर जाऊन बसले. भरल्या पोटाचा आनंद आहे तो, भेसळ नव्हे.

दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसीने १९७४ मध्ये आपल्याच आईवडिलांवर ‘इटालियनअमेरिकन’ नावाचा पाऊण तासाचा माहितीपट केला. मॅनहॅटनमधल्या एलिझाबेथ स्ट्रीटवरचं त्यांचं घर, कोचावर कॅथरीन आणि चार्ल्स. दोघंही सिसिलीहून आलेल्यांची मुलं. आपलं दाटीवाटीतलं बालपण ते एकमेकांचं वाक्य तोडत सांगतात आणि मधूनच कॅथरीन उठून चुलीवरचं पातेलं बघून येते. शेवटी श्रेयनामावलीत काय येतं? तिच्या मीटबॉल्सची आणि सॉसची कृती. याच कॅथरीनबाई मुलाच्याच १९९० च्या ‘गुडफेलाज’ सिनेमात मध्यरात्री मुलाला आणि त्याच्या मित्रांना उठून जेवू घालणारी आई झाल्या.

ऑस्ट्रेलियात टोमॅटोचा हंगाम येतो जानेवारी-फेब्रुवारीत, ऐन उन्हाळ्यात. त्यातला एक दिवस सगळं इटालियन घराणं आवारात जमतं. पहाटेपासून क्रेटच्या क्रेट टोमॅटो धुवायचे, चिरायचे, यंत्रातून रस काढायचा. सालं-बिया एकीकडे, रस दुसरीकडे. बिअरच्या जुन्या बाटल्या वर्षभर साठवून ठेवलेल्या असतात. प्रत्येकीत तुळशीच्या जातीच्या बेझिलचं एक पान टाकायचं, रस भरायचा, बूच लावायचं. मग मोठ्या पत्र्याच्या पिंपात बाटल्या रचायच्या आणि मध्ये जुनी फडकी कोंबायची, उकळताना एकमेकींवर आपटून फुटू नयेत म्हणून. आपल्याकडच्या वाळवणाच्या दिवसांसारखीच धांदल, लहानांना तीच राखणीची आणि उचल-ठेवीची कामं. मेलिना मार्केट्टाच्या ‘लुकिंग फॉर अलिब्रँडी’ या १९९२ च्या कादंबरीतल्या सिडनीच्या जोसी अलिब्रँडीला या सगळ्याची भयंकर लाज वाटते. २००० साली आलेल्या सिनेमात टोमॅटोचा हा दिवस ठसठशीत दिसतो. ऑस्ट्रेलियातल्या कितीतरी मुलींना तेव्हा पहिल्यांदा पडद्यावर आपलं आवार दिसलं.

न्यू यॉर्कच्या हिवाळ्यात अंजीर जगत नाही. मग सिसिली-कालाब्रियाहून आलेल्या आजोबांनी काय केलं? थंडीच्या तोंडावर झाडाच्या फांद्या दोरीने आवळायच्या, गोणपाट, जुने गालिचे, ताडपत्री गुंडाळायची आणि शेंड्यावर बादली उपडी घालायची. काही जण तर एका बाजूची मुळं सैल करून अख्खं झाड खड्ड्यात आडवं करत आणि मातीने बुजवून टाकत. वसंतात परत उभं! ब्रुकलिनच्या परसात बादली घातलेलं झाड दिसलं की समजायचं, हे घर कुणाचं.

अर्जेंटिनात दर महिन्याच्या २९ तारखेला न्योकी खातात, बटाटा आणि मैद्याचे छोटे गोळे. महिनाअखेरीला खिशात एवढंच उरायचं. ताटाखाली एक नोट ठेवायची, म्हणजे पुढचा महिना बरा जातो. आणि सरकारी कचेरीत फक्त पगाराच्या दिवशी उगवणाऱ्या कर्मचाऱ्यालाही तिथे ‘न्योकी’च म्हणतात!

मैदानावर

ब्वेनोस आयरेसचा बोका ज्युनियर्स हा फुटबॉल क्लब १९०५ मध्ये जेनोआहून आलेल्यांच्या मुलांनी काढला. आजही त्याच्या चाहत्यांचं नाव ‘जेनोआवाले’ अशाच अर्थाचं आहे.

साओ पावलोचा पाल्मेइरास १९१४ मध्ये जन्मला तेव्हा त्याचं नाव होतं ‘पालेस्त्रा इतालिया’. १९४२ मध्ये ब्राझील महायुद्धात इटलीच्या विरुद्ध गेला आणि हे नाव चालेना. सप्टेंबरात, अजिंक्यपदाचा सामना तोंडावर असताना, नाव पाल्मेइरास झालं. खेळाडू ब्राझीलचा भला मोठा झेंडा धरून मैदानात आले. सामना ३-१ वर असताना प्रतिस्पर्धी मैदान सोडून गेले आणि नव्या नावाचा क्लब पहिल्याच सामन्यात विजेता ठरला.

११ जुलै १९८२ ला इटलीने माद्रिदमध्ये विश्वचषक जिंकला, तेव्हा टोरांटोच्या सेंट क्लेअर ॲव्हेन्यूवर सुमारे तीन लाख माणसं लोटली. त्या गर्दीतली कॅनडात जन्मलेली पोरं त्या दिवशी पहिल्यांदा छाती पुढे काढून इटालियन झाली.

युद्ध घरात शिरलं तेव्हा

१९४१ चा उन्हाळा. बेसबॉलपटू जो डिमॅजिओने सलग ५६ सामन्यांत चेंडू टोलवण्याचा विक्रम केला, जो आजवर मोडलेला नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिका युद्धात उतरली आणि नागरिकत्व न घेतलेले सुमारे सहा लाख इटालियन ‘शत्रूदेशाचे परके’ ठरले. त्यात जोचे आईवडील होते. सिसिलीहून आलेले ते कोळी, सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्या धक्क्यावर जन्म काढला तिथेच पाऊल ठेवायला मनाई. ‘शत्रूची भाषा बोलू नका’ असं बजावणारी भित्तिपत्रकं लागली. कित्येक घरांत मुलांशी इटालियन बोलणं थांबलं ते या काळात. १२ ऑक्टोबर १९४२ ला, कोलंबस दिनी, ही बंधनं उठवल्याचं जाहीर झालं. झालं ते चूक होतं हे कायद्यात लिहायला मात्र २००० साल उजाडलं.

स्कॉटलंडमध्ये याहून वाईट घडलं. एडिंबरोजवळच्या लीथमध्ये एदुआर्दो पाओलोत्सीच्या आईवडिलांचं आइस्क्रीमचं दुकान होतं. १० जून १९४० ला इटलीने युद्ध पुकारलं आणि ब्रिटनभर इटालियन पुरुषांची धरपकड झाली. सोळा वर्षांच्या एदुआर्दोलाही तुरुंगात टाकलं. वडील, आजोबा आणि काका यांना कॅनडाला नेणाऱ्या ‘अरांडोरा स्टार’ जहाजावर चढवलं. २ जुलैला जर्मन पाणबुडीने ते बुडवलं. आठशेहून जास्त माणसं गेली, त्यांत चारशेहून अधिक इटालियन. तिघंही बुडाले.

तो मुलगा पुढे ब्रिटनचा मोठा शिल्पकार झाला. लंडनमध्ये ब्रिटिश लायब्ररीच्या अंगणात वाकून कंपासने मोजमाप करणारा ब्राँझचा न्यूटन आहे ना, तो त्याचा. टॉटनहॅम कोर्ट रोड स्टेशनच्या भिंतींवरचं रंगीबेरंगी मोझेकही त्याचंच. रोज लाखो पावलं त्याच्या बाजूने जातात. ज्या देशाने बाप हिरावला, त्याच देशाच्या राजधानीला त्याने एवढं दिलं. मला हे वाचताना दरवेळी गलबलून येतं.

खिडकीपाशी जाऊ नकोस

स्वित्झर्लंडने इटालियन मजूर बोलावले ते ‘हंगामी’ परवान्यावर. वर्षातले नऊ महिने काम, तीन महिने परत घरी, आणि बायकामुलांना आणायला बंदी. १९३४ पासून २००२ पर्यंत ही पद्धत टिकली. आईबाप दोघंही कामाला, मग मूल ठेवायचं कुठे? काहींनी गावी आजीकडे ठेवलं, काहींनी दोमोदोस्सोलासारख्या सीमेलगतच्या गावांतल्या अनाथालयांत. आणि हजारोंनी मुलांना चोरून आणून खोलीत लपवलं. खेळायचं नाही, पळायचं नाही, खिडकीपाशी जायचं नाही, दार वाजलं तर कपाटात. ‘कपाटातली मुलं’ असंच त्यांना म्हणतात. काही शिक्षकांनी, काही शाळांनी गुपचूप दार उघडलं. आज पन्नाशी-साठी ओलांडलेली ही मुलं एकत्र येऊन सरकारने माफी मागावी अशी मागणी करताहेत. त्यांना ती मिळायलाच हवी.

खाणकामगाराचा मुलगा

बेल्जियमने १९४६ मध्ये इटलीशी करार केला: माणसं पाठवा, कोळसा घ्या. ८ ऑगस्ट १९५६ ला मार्सिनेलच्या खाणीत आग लागली, २६२ गेले, त्यांतले १३६ इटालियन. त्याच पिढीच्या मुलांमधून साल्व्हातोरे अदामो हा फ्रेंच गाण्यांचा लाडका गायक निघाला. आणि एलिओ दी रुपो, जो एक वर्षाचा असतानाच वडील अपघातात गेले, तो डिसेंबर २०११ मध्ये बेल्जियमचा पंतप्रधान झाला.

नोन्ना!

आता आजी. इटालियनमध्ये नोन्ना.

ऑक्टोबर १९२७ मध्ये ‘प्रिंचिपेसा माफाल्दा’ जहाज ब्राझीलजवळ बुडालं. त्याची तिकिटं बेर्गोल्यो कुटुंबाने काढली होती, पण घरदार वेळेत विकलं गेलं नाही म्हणून जाणं राहिलं. १९२९ मध्ये दुसऱ्या जहाजाने ते ब्वेनोस आयरेसला पोचले. फेब्रुवारी, म्हणजे तिथला रणरणता उन्हाळा, आणि आजी रोसा उतरली ती कोल्ह्याच्या फरची कॉलर असलेला कोट घालून! काढणार कसा? कोटाच्या अस्तरात दुकान विकल्याचे पैसे शिवलेले होते. नातू होर्हे लहानपणी दिवस दिवस या आजीकडे असायचा. पिएमोंतेची बोली तो तिच्याकडूनच शिकला. २०१३ मध्ये तो पोप फ्रान्सिस झाला. आजीने लिहून दिलेलं पत्र तो प्रार्थनेच्या पुस्तकात जपून ठेवायचा.

आजी-नातीची एक जुनी गोष्ट जोव्हान्नी पास्कोली या कवीने लिहिली. १९०४ मधली ‘इटली’ ही दीर्घ कविता. अमेरिकेतल्या ओहायोहून एक कुटुंब आजारी मॉलीला घेऊन तोस्कानातल्या गावी येतं. आजीला इंग्रजी येत नाही, नातीला इटालियन. पास्कोलीने अमेरिकेहून परतलेल्यांची खिचडी भाषा कवितेत तशीच्या तशी घेतली, त्या काळात!

पास्कोली राहायचा बार्गा गावाजवळ. याच बार्गातून कितीतरी लोक स्कॉटलंडला गेले आणि तिथे आइस्क्रीम आणि तळलेले मासे-बटाटे विकू लागले. त्यांची मुलंनातवंडं आता उन्हाळ्यात परत येतात, आणि तोस्कानाच्या त्या डोंगराळ गावात दरवर्षी चक्क फिश अँड चिप्सची जत्रा भरते.

आणि आता इटलीत

परदेशातल्या इटालियन नागरिकांना इटलीच्या संसदेत स्वतःचे प्रतिनिधी आहेत, ८ खासदार आणि ४ सिनेटर. २०२५ पर्यंत तर पणजोबा-खापरपणजोबांच्या नात्यानेही नागरिकत्व मागता यायचं. त्या वर्षी कायदा बदलला आणि साधारणपणे आईवडील किंवा आजीआजोबा यांच्यापर्यंतच नातं धरू लागले.

पण इटलीत जन्मलेल्या परदेशी आईबापांच्या मुलाला अर्ज करायला अठरा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. क्रेमोना, मांतोव्हा भागातल्या गोठ्यांत पंजाबी कामगार राबतात, त्यांच्या हातच्या दुधाचं चीज जगभर जातं. त्यांची मुलं तिथल्या शाळांत तिथल्याच बोलीत भांडतात. ज्या देशाने स्वतःची अडीच कोटींहून अधिक माणसं परमुलखात पाठवली, त्याने या मुलांना एवढं ताटकळत ठेवू नये. माझं हे ठाम मत आहे.

त्यांची गोष्ट सांगणाऱ्यांत आपल्या मुंबईची एक लेखिका आहे. लैला वाडिया मुंबईत जन्मल्या, त्रिएस्तमध्ये स्थायिक झाल्या आणि इटालियनमध्ये लिहितात. २००५ मध्ये चार लेखिकांच्या कथांचं ‘पेकोरे नेरे’ हे पुस्तक आलं, त्यात त्यांची ‘चिकन करी’ नावाची कथा आहे. भारतीय आईबापांची, इटलीत वाढलेली सोळा वर्षांची मुलगी घरी इटालियन मित्रमैत्रिणींना जेवायला बोलावते आणि आईच्या विनवण्या करते: आज करी नको, साधा टोमॅटोचा पास्ता कर.